नाथसागरावरील नौकाप्रवास आणि वाटाड्या ग्रंथ : एक आढावा

मोठ्या जलाशयावर स्वतःच्या बाहुबळाने वल्हवत दोन-तीन दिवसांचा प्रवास करू इच्छिणाऱ्याने घर सोडण्यापूर्वी कोणते ग्रंथ वाचावेत, त्यांतील कोणत्या मजकुरावर भिस्त ठेवावी आणि कोणता मजकूर कालबाह्य समजून बाजूस सारावा, हा प्रश्न ज्या देशांत नैसर्गिक सरोवरे विपुल आहेत आणि नौकाटनाची हौस जुनी आहे तेथे बहुतांशी सुटलेला आहे. कारण तेथील नामांकित सरोवरांविषयी प्रदेशापुरते मर्यादित, परंतु त्या मर्यादेत अत्यंत सूक्ष्म असे मार्गदर्शक ग्रंथ सिद्ध झालेले आहेत. छत्रपती संभाजीनगरच्या दक्षिणेस सुमारे पन्नास किलोमीटरांवर, पैठण येथे गोदावरी अडवून निर्माण झालेला नाथसागर त्या सरोवरांच्या पंक्तीस बसणारा नसला, तरी लहान नावेतील माणसाला पैलतीर दिसेनासा व्हावा इतका विस्तीर्ण खचित आहे. आणि तरीही त्याच्या पाण्यावरील प्रवासाची आखणी कोणत्या आधारावर करावी, याचा विचार आपल्याकडे फारसा झालेला दिसत नाही. हाताशी असलेल्या साधनांची एकेक करून झडती घ्यावी, त्यांचे मोल आणि त्यांच्या मर्यादा ठरवाव्यात, आणि अखेरीस या जलाशयाला कोणत्या जातीचा वाटाड्या ग्रंथ शोभेल ते सांगावे, एवढाच प्रस्तुत लेखाचा हेतू आहे.

कयाक ही मूळची उत्तर ध्रुवप्रदेशातील इन्युइट लोकांची शिकारीची नाव होय. ती अरुंद, हलकी आणि वरून झाकलेली असते, बसणारा पाय लांब करून तिच्या पोटात बसतो, आणि दोन्ही टोकांस पाती असलेल्या एकाच वल्ह्याने तिला पुढे नेतो. या नावेवरून कल्पना घेऊन बांधलेल्या 'रॉब रॉय' नावाच्या होडक्यात बसून जॉन मॅक्ग्रेगर या बॅरिस्टराने १८६५ मध्ये युरोपातील नद्या व सरोवरे पालथी घातली आणि पुढल्याच वर्षी त्या प्रवासाचे पुस्तक प्रसिद्ध केले, तेव्हापासून हा हौशी प्रवासाचा प्रकार रूढ झाला. त्याआधी तीन दशके जर्मनीत बेडेकरने आणि इंग्लंडात मरेने प्रवाशाच्या खिशात मावणाऱ्या मार्गदर्शिकांचा पाया घातला होता. या दोन परंपरांच्या मीलनातून जे ग्रंथ पुढे निघाले त्यांची मांडणी ठरावीक असते : नाव पाण्यात लोटण्याची जागा, तेथवर मोटार नेण्याचा रस्ता, पुढचा मुक्काम किती अंतरावर, मधल्या कोणत्या पट्ट्यात कड्यांमुळे उतरण्यास जागा नाही, कोणते खुले पात्र ओलांडताना वाऱ्याचे भय आहे, इत्यादी. उत्तर अमेरिकेतील सुपीरियर सरोवराचा विस्तार सुमारे ८२,००० चौरस किलोमीटर आणि सरासरी खोली सुमारे १४७ मीटर आहे. परंतु एका वर्षात त्याच्या पाण्याची पातळी साधारणतः हात-दीड हाताहून अधिक हलत नाही. सबब वीस वर्षांपूर्वी ज्या खडकाळ भूशिराचे वर्णन कोणी केले असेल, ते भूशिर आजही त्याच जागी, त्याच आकारात प्रवाशास भेटते. काठ स्थिर आहे या एका गृहीतकावर ते सारे वाङ्मय उभे आहे.

नाथसागराच्या बाबतीत नेमके हेच गृहीतक ढासळते. लालबहादूर शास्त्री यांच्या हस्ते १९६५ मध्ये या धरणाची पायाभरणी झाली आणि इंदिरा गांधी यांच्या हस्ते १९७६ मध्ये त्याचे लोकार्पण झाले. सुमारे दहा किलोमीटर लांबीच्या, सत्तावीस दरवाजांच्या या धरणामागे काठोकाठ भरल्यावेळी २,९०९ दशलक्ष घनमीटर पाणी साठते आणि ते सुमारे ३५० चौरस किलोमीटरांवर पसरते. जलाशयाची लांबी पंचावन्न किलोमीटरांच्या आसपास आणि कमाल रुंदी सत्तावीस किलोमीटरांच्या घरात जाते. साठ्याला विस्ताराने भागले असता सरासरी खोली अवघी आठ मीटरांच्या जवळपास येते. विस्तीर्ण आणि उथळ हे या पाण्याचे मूळ लक्षण होय, आणि नौकाप्रवाशास जाणवणारे त्याचे बहुतेक गुणदोष याच लक्षणातून उद्भवतात. गोदाकाठची काळी जमीन इतकी सपाट आहे की जेथे पाचशेस एक असा उतार आहे, तेथे पाणी एक मीटरने उतरताच काठ अर्धा किलोमीटर मागे हटतो, आणि मध्ये उरतो तो गाळ. भाद्रपदात जेथे नाव लागली, तेथे फाल्गुनात गाळपेराची पिके उभी असतात. काठाचे वर्णन करणारा ग्रंथ येथे कोणत्या काठाचे वर्णन करणार?

हा प्रश्न मनात ठेवून उपलब्ध ग्रंथांकडे पाहिले म्हणजे प्रथम एक गमतीची गोष्ट दृष्टीस पडते. पैठणचा उल्लेख करणारा अत्यंत प्राचीन प्रवासग्रंथ हा नौकानयनाचाच मार्गदर्शक आहे. इसवी सनाच्या पहिल्या शतकातील 'पेरिप्लस' या ग्रीक भाषेतील ग्रंथात बंदरे, वारे आणि व्यापारी माल यांची नोंद करणाऱ्या अज्ञात लेखकाने भडोचपासून दक्षिणेस वीस दिवसांच्या वाटेवर पैठण आणि तेथून पूर्वेस दहा दिवसांवर तगर, म्हणजे आजचे तेर, असल्याचे सांगितले आहे. समुद्रावर ज्याची नजर इतकी तीक्ष्ण, त्याने पैठणची वाट मात्र गाड्यांची आणि खुष्कीची म्हणून नोंदली. दख्खनच्या या भागात पाणी ही ओलांडण्याची वस्तू होती, त्यावरून मजल-दरमजल करण्याची नव्हे. आणि पुढील दोन सहस्रकांचे आपले वाटाड्या वाङ्मय याच दृष्टीने लिहिले गेले. महानुभावांची चौदाव्या शतकातील 'स्थानपोथी' हा त्या वाङ्मयाचा शिरोमणी. चक्रधरस्वामी जेथे जेथे राहिले, बसले, जेवले त्या स्थानांचा ठावठिकाणा, देवळाचे दार कोणत्या दिशेस, नदी कोणत्या अंगास, हे त्या ग्रंथात ज्या काटेकोरपणे नमूद आहे तो काटेकोरपणा आजच्या पर्यटनपुस्तिकांतही क्वचितच आढळावा. गोदावरीचे गौतमीमाहात्म्यही तीर्थामागून तीर्थ सांगत नदीबरोबर चालते. परंतु हे सारे काठाने चालणाऱ्याचे ग्रंथ आहेत. त्यांतून नौकाप्रवाशाला वल्हवण्याची वाट मिळत नाही; काठावरील कोणत्या गावाला कोणते पूर्वसंचित आहे, कायगाव टोक्याच्या प्रवरासंगमाला लोक का नमस्कार करतात, पैठणच्या घाटावर नाथषष्ठीला एवढा जनसमुदाय का लोटतो, हे कळते, आणि प्रवासाला अर्थ येण्यासाठी तेही वाचावे लागते.

दुसरा वर्ग सरकारी दफ्तरातून आलेल्या ग्रंथांचा. एकोणिसाव्या शतकात येथील गोदावरी ही केवळ नदी नव्हती, दोन अंमलांमधील हद्द होती : उत्तरतीर निजामाच्या मुलखात, दक्षिणतीर मुंबई इलाख्याच्या नगर जिल्ह्यात. त्यामुळे एकाच पात्राची हकीकत दोन निरनिराळ्या गॅझेटियरांत विभागली गेली, आणि योगायोग असा की दोन्ही १८८४ साली प्रसिद्ध झाले : निजामाच्या सरकारच्या आज्ञेने निघालेले औरंगाबादचे आणि जेम्स कॅम्पबेल यांच्या देखरेखीखाली झालेले अहमदनगरचे. ज्याला आजचा नाथसागर समजून घ्यावयाचा आहे त्याने ही दोन्ही पुस्तके शेजारी शेजारी उघडून ठेवावीत, कारण आज जे पाण्याखाली आहे ते तेव्हा जमीन म्हणून, कसबा-मौजे म्हणून, उताराची जागा म्हणून लिहिले गेले. स्वातंत्र्योत्तर काळातील औरंगाबाद जिल्ह्याचे गॅझेटियर १९७७ मध्ये निघाले, म्हणजे धरणाच्या लोकार्पणानंतर अवघ्या वर्षाने. नव्या जलाशयाचा स्वभाव कोणास कळण्यापूर्वीच ते छापले गेले होते. तेव्हा गॅझेटियर हा इतिहासाचा पक्का आणि पाण्याचा कच्चा साक्षीदार समजावा.

तिसरा वर्ग नकाशांचा, आणि तो अनेकांच्या समजुतीपेक्षा अधिक मोलाचा आहे. भारतीय सर्वेक्षण विभागाच्या स्थलदर्शक नकाशांच्या मालिकेत हा प्रदेश मुख्यतः ४७ एम आणि पश्चिमेच्या टोकाकडे ४७ आय या गटांत येतो. नवे नकाशे पाण्याचा विस्तार निळ्या रंगाने दाखवतात. पण तो निळा रंग कोणत्या पातळीचा आहे, हे ध्यानात न घेता त्यावरून अंतरे मोजणे धोक्याचे. याउलट धरणापूर्वीची जुनी पत्रे मिळाली, तर ती या जलाशयाच्या तळाचाच नकाशा ठरतात : बुडालेली गावठाणे, विहिरी, बांध, आमराया आणि गोदावरीचे मूळ पात्र तेथे शाबूत आहे. एक मर्यादा मात्र सांगितली पाहिजे. १ : ५०,००० प्रमाणाच्या पत्रांवर दोन समोच्च रेषांमध्ये सामान्यतः वीस मीटरांचे अंतर असते, आणि जलाशयाचा वर्षभरातील चढउतार त्याच्या आत मावतो, म्हणून काठ नेमका कोठे येईल हे त्या रेषा सांगू शकत नाहीत. मूळ पात्र कोठून जाते हे मात्र त्या पत्रांवरून कळते, आणि साठा घटल्यावर जेव्हा नाव गाळात रुतू लागते तेव्हा हेच ज्ञान कामास येते. भीमेवरील उजनीच्या फुगवट्यात पाणी ओसरले की पळसनाथाचे जुने मंदिर वर येते, हे इंदापूरकडील सर्वांस ठाऊक आहे. जुना नकाशा अशा बुडित वस्तूंची आगाऊ वर्दी देतो.

चौथा वर्ग पक्ष्यांच्या ग्रंथांचा. नाथसागराचा बहुतेक सारा पृष्ठभाग, सुमारे ३४१ चौरस किलोमीटर, १९८६ पासून जायकवाडी पक्षी अभयारण्य म्हणून घोषित आहे. सलीम अलींचे १९४१ साली प्रथम निघालेले भारतीय पक्ष्यांचे पुस्तक आणि मारुती चितमपल्ली यांचा 'पक्षिकोश' यांच्या साहाय्याने रोहित, चक्रवाक, पट्टकादंब आणि करकोचे ओळखता येतात. परंतु नौकाप्रवाशाने हे ग्रंथ एका वेगळ्या कारणासाठी वाचावेत. उथळ पाणी आणि ओला गाळ ही या पक्ष्यांची अन्नछत्रे. तेव्हा पक्ष्यांच्या पुस्तकात जेथे थवे उतरतात असे लिहिले आहे, ते सोनेवाडी-पिंपळवाडीकडील वा शेवगाव तालुक्यातील एरंडगावकडील काठ नाव लावण्यास अयोग्य आणि नीतीने वर्ज्य समजावेत. पक्षिनिरीक्षकाच्या ग्रंथाने ज्याची शिफारस करावी, तेच स्थळ नावाड्याने टाळावे, अशी ही उलटी वाचनरीती आहे.

पाचवा वर्ग भटकंतीच्या मराठी पुस्तकांचा. आनंद पाळंदे यांची 'डोंगरयात्रा' किंवा प्र. के. घाणेकर यांची सह्याद्रीवरील पुस्तके यांनी महाराष्ट्राच्या दोन-तीन पिढ्यांना घाटवाटा शिकवल्या. वाट, पाणी, मुक्काम आणि धोका ही चतुःसूत्री त्यांनी मराठीत रुळवली. तिचा साचा नौकाप्रवासालाही लागू पडतो, पण सह्याद्रीचे कातळ दरसाल जागा बदलत नाहीत. आपल्या गरजेच्या अधिक जवळचा दाखला नर्मदापरिक्रमेच्या मार्गदर्शिकांचा आहे. नर्मदेवर मोठी धरणे झाली, फुगवटे दूरवर पसरले, काठाची जुनी वाट बुडाली, आणि परिक्रमावासीयांना पाण्यापासून लांबच्या वाटा धराव्या लागल्या. त्याबरोबर जुन्या पुस्तकांतील मुक्कामांच्या याद्याही निरुपयोगी झाल्या. धरणाने बदललेल्या काठावर वाटाड्या ग्रंथ कसा जुना होतो, याचे याहून स्पष्ट उदाहरण शोधावयास नको.

पुस्तकांच्या कक्षेबाहेरचे, परंतु सर्वांत निर्णायक साधन म्हणजे पाटबंधारे खात्याची दैनंदिन पातळी. संभाजीनगरच्या रहिवाशाला ती वर्तमानपत्रात वाचण्याची सवय आहे, कारण त्याच्या घरातील नळ याच जलाशयावर अवलंबून आहे. परंतु तो वाचतो ती टक्केवारी, आणि तिने नवख्या प्रवाशाची दिशाभूल होण्याचा संभव फार. ही टक्केवारी उपयुक्त साठ्याची, म्हणजे २,१७१ दशलक्ष घनमीटरांची असते. तिच्या खाली ७३८ दशलक्ष घनमीटरांचा मृतसाठा असतो. शून्य टक्के म्हणजे कोरडा तलाव नव्हे, आणि पन्नास टक्के म्हणजे अर्धा विस्तारही नव्हे. प्रवाशाने टक्का सोडून समुद्रसपाटीपासूनची पातळी पाहावी : पूर्ण संचयाची पातळी १,५२२ फूट, आणि त्या खाली आजचे पाणी किती फुटांनी आहे, हा एकच आकडा सर्व पुस्तकांना जोडणारा दुवा होय. हा आकडा पैठणच्या पावसावर हलत नाही, हेही लक्षात ठेवावे. पाणी येते ते नाशिकच्या घाटमाथ्यावरून, नांदूर मधमेश्वरच्या बंधाऱ्यावरून आणि प्रवरेच्या खोऱ्यातून. म्हणून पैठणात लख्ख ऊन असताना जलाशय चढतो. २०१९ च्या उन्हाळ्यात मृतसाठ्यात गेलेला हा जलाशय त्याच पावसाळ्यात वरच्या पुरांनी जवळजवळ तुडुंब झाला. असा काठ कोणत्याही ग्रंथकाराच्या हाती लागणे कठीण.

पातळीखालोखाल वारा. लाटेची उंची वाऱ्याचा वेग, त्याचा कालावधी आणि त्याला मिळणारी मोकळ्या पाण्याची लांबी यांवर ठरते, आणि पाणी उथळ असेल तर लाटा आखूड, उभ्या आणि फुटणाऱ्या होतात. कायगावपासून पैठणपर्यंत सरळ रेषेत सुमारे चाळीस किलोमीटर अंतर असून जलाशयाचा कणा साधारण पश्चिम-वायव्येकडून पूर्व-आग्नेयेकडे पसरलेला आहे. त्यामुळे उन्हाळ्याचा आणि पावसाळ्याचा पश्चिमेकडील वारा त्याच्या जवळजवळ पूर्ण लांबीवर घोडदौड करतो आणि त्याचा सर्व जोर धरणाच्या बाजूस एकवटतो. वैशाखातील वळवाचे झंझावात याहून भयंकर, कारण ते घटकाभरात उठतात. उजनीच्या जलाशयात २१ मे २०२४ रोजी कुगाव ते कळाशी जाणारी प्रवासी नाव वादळी वाऱ्याने उलटली आणि सहा जणांचा बळी गेला. ती नाव कोणा हौशी पाहुण्याची नव्हती, नित्याच्या जलमार्गावरची होती. शांत पाण्यावर कयाक ताशी पाच किलोमीटर गेली, तर सत्तावीस किलोमीटरांचे खुले पात्र ओलांडण्यास साडेपाच तास लागतात, आणि मे महिन्यात साडेपाच तासांचे आकाश कोणासही वाचता येत नाही. हे गणित ज्या ग्रंथात नाही, तो नौकाप्रवाशाच्या उपयोगाचा नाही.

सहावे साधन मुळीच छापलेले नाही : ते काठावरील भोई, कहार आणि कोळी यांच्या स्मरणात आहे. जाळी कोठे पसरलेली असतात, बुडालेली झाडे कोणत्या पातळीला नावेस लागतात, कृषिपंपांच्या तारा कोठे लोंबतात, पाण्याचा रंग बदलला म्हणजे काय समजावे, हे त्यांस ठाऊक असते. हे पाणी हौसेपूर्वी गरजेचे आहे, हेही त्यांच्याकडूनच कळते. गंगापूर तालुक्यातील भिवधानोरा येथील मुले थर्माकोलच्या चप्पूवर बसून फुगवटा ओलांडत शाळेस जातात, ही बातमी २०२३ मध्ये देशभर गाजली. ज्या पाण्यावर मुलांना शाळेसाठी वल्हवावे लागते, त्या पाण्याचा मार्गदर्शक लिहिणाऱ्याने प्रथम त्या मुलांच्या घरी जाऊन विचारपूस करावी, हे उचित होय.

आता कायद्याची बाजू. वन्यजीव संरक्षण अधिनियम, १९७२ अन्वये अभयारण्यात प्रवेशासाठी परवाना लागतो, धरणाच्या भिंतीलगतचे क्षेत्र सुरक्षेचे, पाणी पिण्याचे, आणि राज्याच्या २०२१ च्या साहसी पर्यटन धोरणाने आयोजकांच्या नोंदणीची तजवीज केलेली आहे. त्यात भर म्हणून जलाशयावर तरंगत्या सौरविद्युत प्रकल्पाची योजना आहे, आणि ती पूर्ण झाली तर जलमार्गांची मांडणी पुन्हा बदलेल. येथे एक खरीखुरी अडचण उभी राहते. नाव लोटण्यास उत्तम काळ कार्तिकापासून माघापर्यंतचा : पातळी भरपूर, वारा मंद, ऊन सौम्य. आणि नेमका हाच काळ दूरदेशच्या पक्ष्यांच्या वास्तव्याचा. नौकाप्रवाशाची सोय आणि अभयारण्याचे प्रयोजन यांत विरोध आला तर प्रयोजनास अग्रक्रम द्यावा, हे निःसंदिग्ध असले पाहिजे. लेखी परवान्यावाचून आखणीस आरंभच करू नये, आणि परवाना मिळाला तरी थव्यांचे काठ दुरून टाळावेत.

या साऱ्या साधनांचा मेळ घालावयाचा तर तो असा : गॅझेटियर आणि माहात्म्ये वाचून काठाची ओळख करून घ्यावी; जुन्या नकाशावर मूळ पात्र आणि बुडित गावठाणे उतरवावीत; पक्ष्यांच्या पुस्तकातून वर्ज्य काठ निश्चित करावेत; मग त्या आठवड्याची पातळी आणि वरच्या धरणांतील विसर्ग पाहून मुक्कामांची यादी पुन्हा तपासावी; आणि शेवटी त्या यादीवर काठच्या नावाड्याची पसंती घ्यावी. हा क्रम उलटा केला, म्हणजे प्रथम कोणा जुन्या वर्णनावरून मुक्काम ठरवले आणि पातळी मागाहून पाहिली, तर सायंकाळी गावाऐवजी अर्धा किलोमीटर चिखल समोर येतो.

म्हणून नाथसागराचा जो वाटाड्या ग्रंथ पुढेमागे लिहिला जाईल, त्याने परदेशी सरोवरग्रंथांची सूक्ष्मता घ्यावी, पण त्यांची रचना घेऊ नये. त्याची प्रकरणे गावांच्या नावांनी न पाडता पातळीच्या फुटांनी पाडावीत : १,५२० च्या वर काठ कोठे, १,५१० ला कोठे, मृतसाठ्यात काय उरते, प्रत्येक पातळीस उतरण्याच्या जागा कोणत्या, गाळ कोठवर, आणि कोणत्या महिन्यात त्या काठावर पक्ष्यांचा हक्क पहिला. अशा ग्रंथासाठी पाटबंधारे खात्याची दफ्तरे, वनखात्याच्या नोंदी आणि मच्छीमारांची स्मृती एका टेबलावर आली पाहिजेत, आणि दर काही वर्षांनी त्याची नवी आवृत्ती निघाली पाहिजे. हे काम एकट्या हौशी नावाड्याच्या आवाक्यातले नव्हे. जिल्हा गॅझेटियर ज्या शिस्तीने सिद्ध झाले त्याच शिस्तीने ते एखाद्या विद्यापीठाने वा शासनाच्या विभागाने अंगावर घेतले, तर त्याचा लाभ चार-दोन कयाकवाल्यांपेक्षा काठावरच्या त्या लोकांना अधिक होईल, ज्यांना हे पाणी रोजच ओलांडावे लागते.